पाहुणे घरात की अंगणापलीकडे?
फ्रान्सच्या खेड्यात जुनं दगडी घर घेतलं की प्रश्न येतोच: पर्यटकांना राहत्या घरातल्या खोल्या द्यायच्या (शांब्र दोत), की जुना गोठा दुरुस्त करून स्वतंत्र झीत (सुटीत राहायचं घर) भाड्याने द्यायचं?

शांब्र दोतमध्ये यजमान त्याच घरात राहतात. कायद्याने जास्तीत जास्त ५ खोल्या, १५ पाहुणे, नाश्ता भाड्यातच. हवं तर रात्रीचं जेवणही, पण एकच बेत आणि घरच्यांच्याच टेबलावर. गप्पा रंगतात खऱ्या, पण घरात कुणाला ताप असला तरी सकाळी कॉफी-ब्रेड मांडावाच लागतो.

झीतला स्वयंपाकघर वेगळं. किल्ली दिली की सुटलात. चादरी, साफसफाई पाहुणे बदलताना. दुरुस्तीचा खर्च मात्र आधीच अंगावर येतो.

मुलं लहान असतील तर मी झीतच म्हणेन. बोलघेवड्या, रांधायची हौस असलेल्या जोडप्याने खुशाल खोल्या द्याव्यात.