५४,२०० रुपयांचा लुकलुकता दिवा

आधीच सांगतो, शहाणपण शिकवायला येऊ नका. बायकोने शिकवून झालं, भावाने झालं, समोरच्या पानठेलेवाल्यानेही झालं.

दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. रोज कास्तकारांना बजावतो, पक्कं बिल घ्या, बियाण्याची पिशवी अन् टॅग फेकू नका, बोगस निघालं तर पुरावा तोच. आणि हाच मी गाडीच्या कामासाठी गॅरेजात ५४,२०० रुपये मोजून आलो, हातात साधा चिटोरा नाही.

गाडी २००८ ची मित्सुबिशी सेडिया स्पोर्ट्स, २ लिटर पेट्रोल. रॅलीत धावलेली जात. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलं, इतका जीव. टँक फुल ते टँक फुल मोजून अॅव्हरेज ११.५ मिळत होतं. पिकअप थोडा वाढावा, पण पेट्रोलचा खर्च वाढू नये, एवढंच मागणं. यात हाव कुठे आली?

यवतमाळचा एक गॅरेजवाला (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे) म्हणाला, "टेन्शन नका घेऊ भाऊ. पिकअपही वाढते न अॅव्हरेजही. चार किलोमीटर तं कुठंच नाही गेले." रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) २२,०००, सायलेन्सर १८,५००, कोन फिल्टर (हवेचा उघडा फिल्टर) ६,८००, इंधन वाचवणारी चिप ४,५००, मजुरी ३,२००. झाले ५५,०००. जुन्या पाइपाचे भंगारात ८०० मी भांडून कमी करून घेतले आणि वर खूशही झालो. २०,००० फोनवरून दिले, ३४,२०० रोख. "बिल नका घेऊ, जीएसटी वाचते." मी काय म्हणालो असेन ते ओळखा.

आता तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही. रिमॅप म्हणून त्याने लॅपटॉप उघडला तेव्हा इंजिन चालू होतं. इसीयूमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये, नवा प्रोग्रॅम भरताना इंजिन बंद ठेवतात, हे मला माहीत होतं. माहीत होतं! पण चहा आला होता, स्क्रीनवर रंगीत आलेख हलत होता. मग गाडी बंद केली आणि त्याने स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये चिपची डबी खोचली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आणि किल्ली माझ्या खिशात. मी विचारलंसुद्धा, "किल्ली नसताना हा लागते कसा?" तो म्हणे, "बॅटरीवर शिकते जी ते. २०० किलोमीटर लागतात शिकायले." मी मान डोलावली. त्या सॉकेटच्या एका पिनेत बॅटरीचा करंट कायम असतो, त्यावर कोणताही दिवा लागेल. पुढे डबी फोडली तर सोळापैकी फक्त करंटच्या अन् अर्थिंगच्या पिना जोडलेल्या, बाकी मोकळ्या.

अॅव्हरेज आलं ९.२. खरं सांगायचं तर नव्या सायलेन्सरच्या आवाजाने माझाही पाय जड झाला होता. पिकअप म्हणाल तर आमची रमतगमत चालणारी शकुंतला रेल्वे बरी होती; उघडा फिल्टर गरम इंजिनाशेजारी बसून गरम हवाच ओढत होता.

पण खरी चोरी पुढे कळली. पीयूसी फेल. गावातला म्हातारा मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "कन्व्हर्टर काहून काढलं जी?" सायलेन्सर बदलताना धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच कापून घेतलं होतं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. तेच ते माझं ८०० रुपयांचं भंगार. त्याच्या जागी बसवायला नागपूरच्या स्पेअरवाल्याने वापरलेल्या कन्व्हर्टरचे ३८,००० सांगितले. म्हणजे खड्डा ९२,२०० चा. वर इंजिनाचा पिवळा दिवा, आणि स्कॅनर लावला तर कन्व्हर्टर काम करत नसल्याचा कोड निघाला, पी०४२०. गाडीनेच गुन्हा नोंदवला म्हणायचा.

कारण ठाण्यात कोणी नोंदवेना. मी फसवणुकीचं कलम ४२० म्हणालो, तर साहेब म्हणाले, आता ४२० नाही, ३१८ आहे. बरं, ३१८ लावा! नाही लावत. "तुम्ही राजीखुशीनं पैसे दिले, हा दिवाणी मामला आहे." तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्यांदा हद्द आमची नाही, तिसऱ्यांदा "बिल आणा". हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, हा कायदा मी कागदावर छापून नेला तर म्हणे वकील झाले का? आरटीओत गेलो, तिथे तर उलटंच. मूळ गाडीत बदल केला, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आधी दंड तुम्हालाच. लुटला गेलो मी, आणि आरोपी कोण? गॅरेजवाला दुकानात बसून आजही दुसऱ्याच्या गाडीला दिवा लावत असेल!

काढलेला प्रत्येक पार्ट डिक्कीत टाकून घरी आणा, भंगार असला तरी. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात रिमॅपने फार काही हाती लागत नाही. जुन्या गाडीला आधी प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, ऑक्सिजन सेन्सर, टायरची हवा अन् अलाइनमेंट. माझा मिस्त्री हे सगळं काही हजारांत करून देत होता, मलाच ते गावठी वाटलं. रोख देऊ नका. माझे फोनवरचे २०,००० तेवढेच आज सिद्ध होतात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. जिल्हा पोलीस अधीक्षकांनाही लेखी पाठवलं आहे, पोचपावती आली, उत्तर नाही. आयोगाची तारीख पुढच्या महिन्यात पडली आहे. तोवर गाडी टिनाच्या शेडात खताच्या पोत्यांशेजारी उभी आहे, आणि पिशवीत जपून ठेवलेली ती फुटकी डबी दुकानाच्या गल्ल्यात.