हॉस्पिटलच्या डेटाचोरीची भरपाई: वेबसाइटला चार तारे, हेल्पलाइनला एक

हॉस्पिटलमधून तुमची माहिती चोरीला गेली, भरपाईचा दावा करा, असं सांगणारं पोस्टकार्ड अमेरिकेत राहणाऱ्यांच्या टपालपेटीत आज ना उद्या पडतंच. कागद हलका, अक्षर बारीक, परतीच्या पत्त्यावर कुठल्यातरी लांबच्या राज्यातला पोस्ट बॉक्स, आणि वर ठळक छापलेलं: ही नोटीस कोर्टाच्या आदेशानं पाठवली आहे, ही जाहिरात नाही. नेमकं ते वाचूनच लोकांना ती जाहिरात वाटते आणि कार्ड पिझ्झाच्या कुपनांबरोबर रद्दीत जातं. आमच्याकडे तीन आली: माझं, नवऱ्याचं आणि सासूबाईंचं. मी ओहायोत दातांच्या डॉक्टरांचे हिशेब लिहिते, त्यामुळे टाकण्याआधी कागद वाचायची खोड आहे. तिन्ही दावे भरले, तिन्हींचे पैसे आले. हा त्या सगळ्या सेवेचा रिव्ह्यू: वेबसाइट, फॉर्म, हेल्पलाइन, फुकटचं क्रेडिट मॉनिटरिंग (आपल्या नावावर कोणी कर्ज काढतंय का यावरची पाळत) आणि अखेर हाती लागलेली रक्कम. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. दुसऱ्या हॉस्पिटलचं कार्ड आलं तरी मजकूर जवळपास हाच असतो.

पैसे कुठून येतात ते आधी सांगते, कारण इथल्या मराठी मंडळात विचारलं तर दहातले नऊ जण म्हणतात, ‘सरकार देतं.’ सरकार देत नाही. रुग्णांची माहिती जपण्यासाठीच्या हिपा कायद्यानुसार हॉस्पिटलला चोरी लक्षात आल्यापासून ६० दिवसांच्या आत रुग्णांना कळवावं लागतं, आणि ५०० किंवा त्याहून जास्त लोकांची माहिती गेली असेल तर केंद्राच्या आरोग्य खात्यालाही. ते खातं दंड करू शकतं, पण त्या कायद्याखाली रुग्णाला स्वतः खटला भरता येत नाही. म्हणून वकील निष्काळजीपणा, अध्याहृत (न लिहिलेल्या, पण गृहीत धरलेल्या) कराराचा भंग, राज्याचे ग्राहक कायदे असे दुसरे रस्ते धरतात, दोनचार रुग्णांच्या नावानं सगळ्यांच्या वतीनं दावा लावतात, आणि बहुतेक वेळा खटला उभा राहण्याआधीच तडजोड होते. अँथेम या विमा कंपनीचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये उघडकीला आलेल्या त्या चोरीत ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती गेली. तडजोड झाली साडेअकरा कोटी डॉलरची. भागाकार करून बघा, डोई दीड डॉलरसुद्धा पडत नाही. २०१८ मध्ये आरोग्य खात्याला कंपनीनं १ कोटी ६० लाख डॉलर भरले ते वेगळे, त्यातलं रुग्णांना काही नाही.

मग दावा भरणाऱ्याला दीड डॉलरपेक्षा जास्त कसे मिळतात? बाकीचे भरत नाहीत म्हणून. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण सगळी गंमत त्यातच आहे.

वेबसाइटला चार तारे देते ते मनापासून. कार्डावरचा नोटीस क्रमांक आणि पिन टाकला की नाव-पत्ता आपोआप येतो. सोशल सिक्युरिटी नंबर मागितला नाही, आणि पैसे तर कोणीच मागितले नाहीत. दावा भरून देतो म्हणून कोणी फी मागितली तर तो भामटा समजा. कार्ड खरं की खोटं हे पाहायला मी कार्डावरची लिंक वापरलीच नाही. खटल्याचा क्रमांक घेतला आणि कोर्टाच्या वेबसाइटवर तपासला. तिथं तडजोडीचा अख्खा करार वाचायला मिळतो. आमच्या करारात वकिलांची फी निधीच्या एक तृतीयांश होती. नवऱ्यानं कपाळावर हात मारला. मला त्यात नवल वाटलं नाही, वर्षानुवर्षं फुकट लढायला कोण बसतंय? पण एक तृतीयांश आधी निघतो, मग दावे हाताळणाऱ्या कंपनीचा खर्च निघतो, आणि उरलेल्यात आपण, हे डोक्यात ठेवूनच फॉर्म उघडावा.

फॉर्मवर तीन गोष्टी होत्या. एक, प्रत्यक्ष झालेला खर्च, पावत्यांसह, ५,००० डॉलरपर्यंत. दोन, या भानगडीत गेलेला वेळ, तासाला २५ डॉलर, जास्तीत जास्त चार तास. तीन, यातलं काहीच नको असेल तर सरसकट रोख रक्कम. शिवाय दोन वर्षांचं क्रेडिट मॉनिटरिंग सगळ्यांनाच.

सरसकट रकमेपुढे ‘अंदाजे’ असा शब्द होता, आणि लोक फसतात ते तिथं. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीच्या वेळी काय झालं ते आठवा. ती हॉस्पिटलची चोरी नव्हती, पण धडा तोच. २०१७ ला १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, २०१९ ला तडजोड जाहीर झाली, आणि १२५ डॉलर मिळणार म्हणून घराघरांत फॉर्म भरले गेले. त्या रोख पर्यायासाठी बाजूला ठेवले होते फक्त ३ कोटी १० लाख. १२५ नं भागा: २ लाख ४८ हजार माणसं झाली की खजिना रिकामा. त्यापुढे प्रत्येक नवा माणूस सगळ्यांचाच वाटा खाली ओढतो. शेवटी ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेलाच सांगावं लागलं की बाबांनो, रोख रकमेऐवजी मॉनिटरिंग घ्या. तेव्हा ‘अंदाजे’ दिसलं की निम्मे धरून चालावं.

वेळेची रक्कम मात्र आमच्या करारात ठरलेली होती, आणि तिथंच मी थांबले. फॉर्ममध्ये एक चौकोन असतो: या वेळात काय केलं ते थोडक्यात लिहा. मंडळातल्या एका वहिनींनी त्यात ‘खूप मनस्ताप झाला’ एवढंच लिहिलं आणि दावा अपुरा म्हणून परत आला. मनस्तापाला दर नाही, कामाला आहे. मी कामं लिहिली: तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे (इक्विफॅक्ससारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे) फ्रीज, म्हणजे आपल्या नावानं नवं कर्ज निघू नये म्हणून नोंदींना कुलूप, लावला, विमा कंपनीकडून आलेले खर्चाचे तपशील ओळीनं तपासले, बँकेला फोन केला, आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून, ओळख-पिन घेतला. प्रत्येकापुढे महिना आणि लागलेला वेळ. खाली सही करताना लिहिलेलं असतं की खोटं निघालं तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा होईल. म्हणून चार तासांची मर्यादा आहे म्हणून चार तास लिहायचे नाहीत. माझे अडीच भरले, अडीचच लिहिले.

नवऱ्याचा दावा पावत्यांचा होता. चोरीची बातमी कानावर आली तेव्हा, हॉस्पिटलचं पत्र यायच्या आधीच, घाबरून त्यानं पदरचे पैसे भरून मॉनिटरिंग घेतलं होतं, शिवाय रजिस्टर्ड पत्रं पाठवली होती. त्याचा एक्सेलचा तक्ता त्यांनी ग्राह्य धरला नाही. आपणच बनवलेला कागद एकटा चालत नाही, त्याला बाहेरचा पुरावा लागतो. उणिवेची नोटीस आली, उत्तराला ठरावीक मुदत. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमधल्या त्या ओळी पिवळ्या करून पाठवल्या, बाकी सगळं काळं केलं. पोस्टाची रक्कम मान्य झाली. मॉनिटरिंगचे महिने मोजताना पत्र येण्याआधीचा एक महिना कापला. बरोबरच आहे, मीही कापला असता.

हेल्पलाइन. एक तारा देते तोही फोन उचलला म्हणून. पलीकडचा मुलगा नम्र होता, पण वेबसाइटवर लिहिलेली वाक्यंच वाचून दाखवत होता. ‘उणिवेची नोटीस नक्की कुठल्या पावतीबद्दल आहे?’ याला उत्तर, ‘तुमचा दावा तपासणीखाली आहे.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तपासणीखाली. मग मी ईमेल केला, दावा क्रमांक विषयाच्या ओळीत टाकून, आणि त्याला नीट, मुद्देसूद उत्तर आलं. लेखी विचारा. फोनवर वेळ घालवू नका, तो वेळ फॉर्ममध्ये लिहिता येतो की नाही हाही एक प्रश्नच आहे.

आता सासूबाई. त्या नातवाच्या बारशाला आल्या होत्या आणि एका रात्री छातीत दुखतंय म्हणून इमर्जन्सीत न्यावं लागलं. निघाला गॅस. पण नोंदणीत पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख, आमचा पत्ता, सगळं गेलं, आणि पुढे चोराच्या हाती लागलं. कार्ड आलं तेव्हा त्या नाशिकला परतल्या होत्या. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला दावा करता येतो का? याचं उत्तर प्रत्येक करारात वेगळं असतं. काहींत ‘अमेरिकेत राहणारे’ अशी अट असते. आमच्यात ‘ज्यांना नोटीस पाठवली ते सगळे’ असं होतं, म्हणून जमलं. वर्गाची, म्हणजे हा दावा ज्या सगळ्यांच्या वतीनं लावलाय त्यांची, व्याख्या करारात पहिल्या काही पानांतच सापडते, ती वाचाच.

व्हिडिओ कॉलवर फॉर्म भरायला बसलो. त्या निवृत्त शिक्षिका, सही करण्याआधी सगळं समजून घेणार.

“अगं, चोरी केली ती चोरानं. हॉस्पिटलनं तर माझा ईसीजी काढला बिचाऱ्यांनी. त्यांच्याकडून कसले पैसे घ्यायचे?”

“आई, लॉकरमध्ये दागिने ठेवले आणि बँकेनं कुलूपच नीट लावलं नाही, तर बँकेला विचारायला नको?”

“मग कुलूप लावलं नव्हतं हे त्यांनी कबूल केलंय का?”

नाही केलेलं. जवळपास प्रत्येक करारात ते वाक्य असतं: हॉस्पिटलला कोणताही दोष मान्य नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे चूक नाही म्हणतात आणि पैसे मात्र देतात. बरंय.” आणि सही केली. माझ्या मते अख्ख्या तडजोडीचं याहून नेमकं वर्णन वकिलांनाही जमलं नसतं.

त्यांनी आणखी एक विचारलं, ते सगळ्यांनीच विचारायला हवं: काहीच केलं नाही तर? काहीच केलं नाही तर पैसे मिळत नाहीत, आणि पुढे त्याच चोरीबद्दल स्वतःचा खटला भरायचा हक्कही जातो. तो राखायचा असेल तर मुदतीत लेखी कळवून वर्गातून बाहेर पडावं लागतं. कोणाच्या नावानं खोटं कर्ज निघालंय, लाखाचं नुकसान झालंय, अशा माणसानं सही करण्याआधी स्वतःचा वकील गाठावा. आमच्यासारख्यांना ते परवडणारं नाही.

फुकटच्या मॉनिटरिंगला दोन तारे. कोड टाकून चालू केलं, इशारे येतात, ‘तुमच्या स्कोअरमध्ये ३ गुणांचा फरक’ असले. चोरी झाल्यावर सांगणारी ही सोय आहे, थांबवणारी नाही. थांबवतो तो फ्रीज, आणि तो २०१८ च्या सप्टेंबरपासून तिन्ही ब्युरोंकडे कायद्यानंच फुकट आहे. दुसरं असं की क्रेडिट रिपोर्टात आजार दिसत नाही. तुमच्या नावावर दुसऱ्यानं गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली तर ती विमा कंपनीच्या खर्चाच्या तपशिलातच दिसेल, म्हणून ते कागद न उघडता फायलीत टाकू नयेत. मी दातांच्या दवाखान्यातून हे रोज पाहते: पत्रावर ‘हे बिल नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि लोक सुटकेचा श्वास सोडून ते बाजूला ठेवतात.

पैसे यायला वेळ लागतो, आणि इथं कंपनीला दोष देता येत नाही. दाव्याची मुदत संपते, मग न्यायाधीश अंतिम सुनावणीत तडजोड न्याय्य, वाजवी आणि पुरेशी आहे का ते बघतात, मग कोणी अपील केलं तर ते निकालात निघेपर्यंत सगळं थांबतं. आमच्या खटल्यात एकानं वकिलांच्या फीवर हरकत घेतली होती. त्याचं म्हणणं मला पटलं, आणि त्याच्यामुळे चेक लांबला म्हणून रागही आला.

शेवटी मला मिळाले ६२ डॉलर ५० सेंट, वेळेचे. नवऱ्याला पावत्यांचे ११८. सासूबाईंना सरसकट वाट्याचे ४१, ‘अंदाजे’ ७५ म्हटलेले. चेकवर ९० दिवसांची मुदत छापलेली असते, म्हणून सुट्टीवर भारतात जाणार असाल तर चेक मागूच नका. झेल किंवा पेपालनं थेट खात्यात घ्या.

सासूबाईंचं इथं बँक खातं नाही, म्हणून त्यांच्यासाठी व्हर्च्युअल प्रीपेड कार्ड निवडलं. ते ईमेलनं येतं, आणि वापरताना एक अडचण असते: कार्डावर ४१ आहेत आणि वस्तू ४३ ची घेतली तर बहुतेक दुकानं व्यवहारच नाकारतात, उरलेले दोन दुसरीकडून घेत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे सगळी रक्कम एकदम ऑनलाइन दुकानाच्या गिफ्ट बॅलन्समध्ये टाकायची. कार्डाच्या अटींत ठरावीक काळानंतर दरमहा फी कापली जाईल असंही लिहिलेलं असतं, तेव्हा आलं की लगेच संपवा. सासूबाईंनी त्यात रक्तदाब मोजायचं यंत्र मागवलं, आणि ते येणाऱ्या माणसाबरोबर नाशिकला पाठवायचंय. डिसेंबरात कोणी जात असेल तर कळवा.