ऑटो एसी हवा, पण नॉबही हवेत: वणी-चंद्रपूरच्या रस्त्यांवरून

गेल्या वर्षी गाडी बदलली तेव्हा टॉप मॉडेल घेतलं, आणि त्याचं मुख्य कारण ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल, म्हणजे ऑटो एसी: तापमानाचा आकडा लावायचा, बाकी गाडी स्वतः सांभाळते. माझं काम बँकेच्या शाखांच्या तपासणीचं. नागपूरहून वणी, चंद्रपूर, यवतमाळ, मध्येच अमरावती. मे महिन्यात भर दुपारी वणीहून परतायचं असेल तर एसी ही चैन राहत नाही. आधीच्या हॅचबॅकला तीन गोल नॉब होते: एक गार-गरम, एक पंखा, एक हवेची दिशा. नवीला टच पॅनल आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर सांगते, ऑटो एसी चांगला आहे. पण त्याच्यापायी नॉब काढून टाकले हे मला अजिबात पटलेलं नाही.

गाडीचं नाव लिहीत नाही. या किमतीच्या बऱ्याच गाड्यांत थोड्याफार फरकाने हाच प्रकार आहे.

आधी चांगलं. समृद्धी महामार्गावर हा एसी खरोखर सुख देतो. 24 वर लावला की शिर्डीपर्यंत हात लावावा लागत नाही. ऊन कललं की पंखा आपोआप मंदावतो, ढग हटले की वाढतो. जुन्या गाडीत असं नव्हतं. तिथे नॉब फक्त आतली झडप फिरवतो, म्हणजे किती हवा हीटरवरून जाईल एवढंच ठरवतो. आत नक्की किती तापमान झालंय याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे दर अर्ध्या तासाने थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहायचं. ही कटकट संपवण्याची कल्पना तशी जुनी आहे, अमेरिकेत कॅडिलॅकने 1964 मध्येच अशी यंत्रणा दिली होती.

अडचण येते ती गाडीला जे कळत नाही तिथे. माझ्या गाडीत आतलं तापमान मोजणारा सेन्सर स्टिअरिंगच्या बाजूला, एका छोट्या जाळीमागे आहे. म्हणजे माझ्या गुडघ्यापाशी काय चाललंय ते तिला समजतं. शेजारी बसलेल्या बाबांच्या मांडीवर पश्चिमेचं ऊन थेट पडतंय, हे कसं समजणार? बाबा म्हणतात, ‘अगं, जरा वाढव ना.’ मी वाढवलं की मागे आई शाल पांघरते. हाच 24 चा आकडा एप्रिलच्या कोरड्या उन्हात बरा वाटतो आणि ऑगस्टच्या रात्री बोचतो. आकडा तोच, पण अंगाला लागणारा गारवा ऊन आणि दमट हवा यांच्यावरही ठरतो.

उन्हासाठी वेगळा सेन्सर असतो. समोरच्या काचेच्या बुडाशी डॅशबोर्डवर एक काळी गोल गुंडी दिसेल, रुपयाच्या नाण्याहून लहान. गाडी ताब्यात घेताना ॲक्सेसरीजवाल्याने डॅशबोर्डवर जाड मॅट अंथरून दिली, ती नेमकी या गुंडीवरून. गाडीला वाटायचं आपण सावलीत आहोत. वरोऱ्याच्या पुढे आग ओकणारं ऊन आणि पंखा मात्र निवांत. सर्व्हिस सेंटरने गॅस तपासला, फिल्टर बदलला, बिल केलं. शेवटी दुसऱ्याच एका एसी मेकॅनिकने मॅट उचलून गुंडी दाखवली. मॅट काढली आणि त्याच दुपारी फरक कळला. आपल्याकडे त्या जागी गणपती, अत्तराची बाटली, मोबाईलचं स्टँड असं काय काय असतं. तुमची गुंडी उघडी आहे का, ते आजच बघा. आणि ती जाळी मऊ ब्रशने साफ करत जा, कोळशाच्या भागात फिरत असाल तर नक्कीच.

कोळशावरून आठवलं. वणीच्या रस्त्यावर पुढे कोळशाचा ट्रक असला की बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायची, हे इकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. जुन्या गाडीत त्यासाठी एक सरकती दांडी होती, रस्त्यावरची नजर न हलवता ढकलायची. या गाडीत आत गार झालं की ऑटो स्वतःहून बाहेरची झडप उघडतो. ताजी हवा हवी, हे बरोबरच आहे. पण ट्रकच्या मागे ती नको असते. मी बटण दाबून बंद केलं की ‘ऑटो’चा दिवा विझतो. चहाला थांबून गाडी पुन्हा सुरू केली की झडप परत उघडी. बल्लारपूरला पेपर मिलचा वास आत शिरला की मग लक्षात येतं.

सगळ्यात जास्त राग आला तो जुलैमध्ये, चिखलदऱ्याच्या घाटात. धुकं, पाऊस, आणि समोरची काच धूसर. मी काचेचं बटण दाबलं. गाडीने 22 ची थंड हवा जोरात काचेवर सोडली, काच गार पडली आणि बाहेरच्या दमट हवेचं दव बाहेरूनच जमू लागलं. वायपर मारला की साफ, दोन वळणांत पुन्हा तेच. उपाय सोपा आहे: हवा गरम करायची. नॉब असता तर डाव्या हाताने एकदा उजवीकडे फिरवला की झालं. इथे बाण दाबत जायचं, दर दाबाला अर्धा अंश, 22 वरून 26 ला जायला आठ वेळा. गुळगुळीत काचेवर बोट कुठे पडतंय ते बघायला नजर खाली घ्यावी लागते, तीही अशा वळणावर जिथे समोरून एसटी येतेय.

हा काही माझा एकटीचा हट्ट नाही. 2022 मध्ये ‘वी बिलएगारे’ या स्वीडिश मासिकाने गाड्यांची चाचणी घेतली होती, ताशी 110 किलोमीटरच्या वेगात नेहमीची चार कामं करायला किती वेळ लागतो याची. 2005 च्या बटणवाल्या व्होल्वोत 10 सेकंद लागले. सगळ्यात मागे पडलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीत 44.6 सेकंद, म्हणजे तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त पुढे गेलेली.

तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या 18 लावू नका, त्याने लवकर गार होत नाही. 24 लावलं तरी सुरुवातीला यंत्र पूर्ण जोरातच चालतं. आधी काचा उघडून दोन-तीन मिनिटं चालवा, कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या.

नवी गाडी घेणार असाल तर ऑटो एसी जरूर घ्या, पण तापमान आणि पंखा यांना फिरवायचे नॉब असलेलं मॉडेल शोधा. अशी मॉडेलं अजून मिळतात. आणि टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला घेऊ नका. दुपारी दोनला, उन्हात उभी असलेली गाडी मागा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, आणि चालवताना खाली न बघता पंखा कमी करता येतो का ते करून पाहा.