पेन्टाकॅम: मोठ्या मायनस नंबरच्या लेसिकनंतर करावीच अशी तपासणी

मायनस आठ-नऊचं लेसिक (लेसरने चष्म्याचा नंबर घालवणं) झाल्यावर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली, एवढ्यावर समाधान मानू नये. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, मधोमध सपाट आणि पातळ झालेला असतो. तो तसाच टिकतोय की हळूहळू पुढे फुगतोय, हे तक्ता सांगत नाही. ऑक्युलस या जर्मन कंपनीचं पेन्टाकॅम, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढणारं कॅमेऱ्याचं यंत्र, सांगतं.

-9 नंबर आणि 6 मि.मी.चा झोन (लेसर जिथे चालतो त्या भागाचा व्यास) धरा. ढोबळ सूत्र असं: नंबर गुणिले झोनचा वर्ग, भागिले तीन. म्हणजे लेसर 108 मायक्रॉन काढतो. त्यात फ्लॅप, म्हणजे लेसरआधी उचललेली वरची पापुद्र्यासारखी चकती, 110 चा. तो परत बसवला तरी कॉर्नियाला पूर्वीसारखा आधार देत नाही. 500 मायक्रॉनच्या कॉर्नियात खाली उरले 282. 250 ची किमान मर्यादा पाळली गेली खरी, पण जवळपास 44 टक्के जाडी खर्ची पडली. 40 टक्क्यांपुढे एक्टेशियाचा, म्हणजे कमकुवत कॉर्निया पुढे फुगण्याचा, धोका वाढतो.

साधी रिंगवाली टोपोग्राफी (कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा) फक्त पुढचा पृष्ठभाग पाहते, आणि तो तर लेसरनेच बदललेला असतो. पेन्टाकॅमचा फिरता कॅमेरा सुमारे 2 सेकंदांत 25 किंवा 50 छेद टिपतो. त्यातून मागचा पृष्ठभाग आणि जागोजागची जाडीही मिळते. या यंत्राचं खरं मोल इथेच आहे.

मात्र रिपोर्ट वाचताना घोळ होतात. बेलिन-अँब्रोसिओ पानावरचे (रिपोर्टमधलं एक्टेशिया शोधणारं पान) लाल आकडे पाहून घाबरू नका. ते ऑपरेशन न झालेल्या डोळ्यांशी तुलना करतात. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा मागचा नकाशा एकाच संदर्भ-गोलावर (तुलनेसाठी 8 मि.मी.च्या भागावर बसवलेला गोल) काढून घ्या. गोल बदलला की नसलेला फुगवटा दिसतो. मागचा भाग पुढे सरकतोय, खालचा भाग उंचावतोय आणि जाडी घटतेय, हे तिन्ही एकत्र दिसलं तर C3R (कॉर्नियाला बळकटी देणारा उपचार) बद्दल लगेच विचारा.

उणिवाही आहेत. वरचा एपिथेलियमचा थर यात वेगळा दिसत नाही. मायनसच्या लेसिकनंतर तो मधोमध जाड होतो. त्याच्या मोजणीसाठी ओसीटी (प्रकाशाने थर दाखवणारं स्कॅन) लागतं. डोळे कोरडे असले तरी नकाशा बिघडतो. रिपोर्टवर 'क्यूएस' (स्कॅनचा दर्जा) समोर 'ओके' नसेल तर पुन्हा स्कॅन मागा.

आधीची आणि तीन महिन्यांनंतरची प्रिंट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला तर नेहमीच्या केराटोमेट्रीवरून (कॉर्नियाच्या वक्रतेची मोजणी) आत बसवायच्या लेन्सचा नंबर कमी निघतो आणि ऑपरेशननंतर प्लस नंबर उरतो. तेव्हा डॉक्टरांना हीच जुनी पानं लागतील.