नऊ नग आयपी, दर साडेचारशे

बिलबुकातल्या पानावर निळ्या पेनने लिहिलंय: आयपी चार्जेस, 9 नग, दर 450, एकूण 4,050. त्याखाली व्हिजिट 500. बेरीज 4,550. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. टॉवेलच्या गाठी मोजाव्यात तसे आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारे आकड्यांतले पत्ते, नगावर मोजलेले आहेत, आणि हे बिल भरलंय अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका कुटुंबाने. खाली चार मागांचा कारखाना आणि वर राहतं घर, अशी त्यांची रचना.

सोलापुरात घराघरात आता फायबर आलंय, पण वायफाय देणाऱ्या पेटीच्या, म्हणजे राऊटरच्या, आत काय चालतं हे कुणी समजावून सांगत नाही. फसवणारा नेमका तिथेच शिरतो. म्हणून हा प्रकार तपशीलवार लिहितोय.

लग्नाचं घर होतं. पाहुणे आले तसे नवे फोन वायफायला जोडेनात. पासवर्ड बरोबर, सिग्नल पूर्ण, पण ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ असं येऊन फोन तिथेच अडकायचा. घरच्यांचे जुने फोन मात्र व्यवस्थित चालत होते. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ म्हणून शोधलं, पहिल्या आलेल्या नंबरवर फोन केला, तासाभरात एक जण बॅग घेऊन हजर. मोबाईलवर काहीतरी उघडून बघितलं आणि म्हणाला, “आयपी संपलेत ओ काका तुमचे. नवीन टाकावे लागतील. डिव्हाइसमागं साडेचारशे, वर्षाचे.” घरात लगबग चाललेली. काका म्हणाले, “टाका की मग.”

यातलं पहिलं वाक्य खरं होतं, आणि त्याच खऱ्या वाक्याच्या आधाराने पुढचं खोटं विकलं गेलं.

राऊटरमध्ये डीएचसीपी नावाची सोय असते. फोन वायफायला जोडला की तो सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, ‘मला पत्ता द्या’. राऊटर म्हणतो, ‘हा घे’. फोन म्हणतो, ‘हाच मला हवा’, आणि राऊटर ‘दिला’ म्हणून वहीत नोंद करतो. असे चार निरोप, सेकंदाच्या आत. पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीने मिळतो. निम्मी मुदत संपली की फोन स्वतःहून ती वाढवून घेतो. कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत पत्ते वाटायचे, ती हद्द राऊटरमध्ये ठरवलेली असते.

या घरात जोडणी करून देणाऱ्याने ती हद्द 192.168.1.100 ते 192.168.1.110 अशी ठेवलेली होती. म्हणजे अकरा पत्ते. मुदत सात दिवसांची. घरची उपकरणं नऊ: चार मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर, कारखान्यातला कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. उरले दोन. ते पहिल्या दोन पाहुण्यांनी घेतले. ते पाहुणे संध्याकाळी तुळजापूरला निघून गेले तरी त्यांचे पत्ते सात दिवस त्यांच्याच नावावर अडकून राहिले. तिसऱ्या फोनला देण्यासाठी राऊटरकडे काही उरलंच नाही.

उपाय काय होता? शेवटच्या खान्यात 110 च्या जागी 199 लिहिणं. अकराचे शंभर पत्ते होतात. मुदत सात दिवसांऐवजी एक दिवस करायची. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी बाहेरून काहीही विकत आणावं लागत नाही.

त्याने केलं उलटंच. डीएचसीपी बंद केलं. मग नऊ उपकरणांत एकेक करून हाताने पत्ते भरले, 192.168.1.2 पासून 192.168.1.10 पर्यंत. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदलला आणि तो सांगितला नाही. राऊटरच्या बुडाशी असलेलं, मूळ पासवर्ड छापलेलं स्टिकरही नखाने खरवडून ठेवलेलं होतं. हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ती चूक नव्हे, बेत आहे. नऊ उपकरणं चालू झाली, घरचे खूश झाले. पण दहावा फोन आता कधीच आपोआप जोडला जाणार नव्हता. नवीन फोन घेतला, की बोलवा त्यालाच. फोनमध्ये चुकून ‘नेटवर्क विसरा’ दाबलं, की भरलेला पत्ता पुसला गेला, पुन्हा बोलवा. तीन महिन्यांत दोनदा बोलवावं लागलं.

उघडकीला आलं ते लॅपटॉपमुळे. मुलगी तो घेऊन पुण्याला हॉस्टेलवर गेली, तर तिथल्या वायफायवर इंटरनेट येईना. विंडोजच्या ॲडॅप्टरमध्ये हाताने भरलेला पत्ता त्या एका नेटवर्कपुरता राहत नाही, जिथे जाल तिथे सोबत येतो. हॉस्टेलचं नेटवर्क 10 ने सुरू होणारं, लॅपटॉप मात्र घरच्या राऊटरच्या पत्त्याला, म्हणजे 192.168.1.1 ला, शोधत बसलेला. तिथल्या मुलाने सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि दोन सेकंदांत इंटरनेट सुरू झालं. तो सहज म्हणाला, “हे कोणी फिक्स करून ठेवलं?” तेव्हा सोलापूरला फोन गेला.

पैसे नेमके कशाला लागतात आणि कशाला नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. 192.168 ने सुरू होणारे, 10 ने सुरू होणारे आणि 172.16 ते 172.31 पर्यंतचे पत्ते घराच्या आतल्या वापरासाठी 1996 पासून जगभर सर्वांना मोकळे ठेवलेले आहेत. तुमच्या घरी 192.168.1.100 असेल, शेजारच्या घरीही तोच असेल, जुळे सोलापुरातही असेल. एकमेकांना अडचण होत नाही, कारण ते पत्ते राऊटरच्या बाहेर पडतच नाहीत. त्यांचं ना वार्षिक भाडं असतं, ना लायसन्स.

बाहेरच्या जगातले पत्ते वेगळे. ते खरोखरच तुटपुंजे आहेत. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून संपला. ‘आयपी संपलेत’ ही बातमी कानावर आलेली असते ती यामुळे. इंटरनेट कंपनीकडून कायमचा बाहेरचा पत्ता, म्हणजे स्टॅटिक पब्लिक आयपी, घेतला तर कंपनी त्याचे पैसे आकारते आणि ते रास्त आहे. पण तो पूर्ण जोडणीला एकच असतो, फोनमागे एक नव्हे, आणि त्याची नोंद कंपनीच्या बिलात येते. कुणी उपकरणामागे आयपीचे पैसे मागितले की तिथेच थांबवा.

आता दुरुस्ती. पासवर्ड माहीत नसेल तर राऊटर रीसेट करावा लागतो, पण तो करण्याआधी इंटरनेट कंपनीला बिलावरच्या किंवा ॲपमधल्या नंबरवर फोन करून जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. बहुतेक फायबर जोडण्यांत राऊटरमध्ये ते भरावे लागतात आणि रीसेटने पुसले जातात. शिवाय फायबरची बारीक वायर ज्या डब्यात थेट जाते, तो कंपनीचा डबा रीसेट करू नका. त्यातली नोंदणी उडाली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत घर बंद. रीसेट करायचा तो त्याच्यापुढचा, आपला राऊटर. चालू असताना मागच्या छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून ठेवा.

मग कॉम्प्युटर केबलने राऊटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला, जोडा. कॉम्प्युटरचा पत्ता आधी ‘ऑटोमॅटिक’वर आणा, कारण रीसेटनंतर काही राऊटर 192.168.1.1 वर उघडतात, काही 192.168.0.1 वर, आणि जुना हाताने भरलेला पत्ता दुसऱ्याशी जुळत नाही. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकून त्याचं पान उघडलं की सर्वात आधी ॲडमिन पासवर्ड स्वतः बदला आणि वहीत लिहा. ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राऊटर उघडायची सोय, चालू असेल तर बंद करा. मग ‘लॅन’ किंवा ‘नेटवर्क’खाली ‘डीएचसीपी सर्व्हर’ शोधा. तो चालू, सुरुवात 192.168.1.100, शेवट 192.168.1.199, गेटवे, म्हणजे बाहेर इंटरनेटवर जायचं दार, हा राऊटरचाच पत्ता. राऊटर 192.168.0.1 वर असेल तर हे सगळे आकडेही 192.168.0 नेच सुरू होतील. डीएनएसचे, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचे, खाने रिकामे ठेवले तरी चालतात. तिथे अनोळखी आकडे दिसले तर काढून टाका, कारण तिथून तुम्हाला बँकेच्या नावाच्या खोट्या पानावर नेता येतं.

मुदतीच्या खान्यात फसू नका. काही राऊटर मिनिटांत विचारतात, तिथे 1440 म्हणजे एक दिवस. काही सेकंदांत विचारतात, तिथे एका दिवसाला 86400 लिहावे लागतात. सेकंदांच्या खान्यात 1440 लिहिलं तर मुदत 24 मिनिटांची होते.

यानंतर प्रत्येक उपकरण परत आपोआप पत्त्यावर आणायचं. अँड्रॉइडवर त्या वायफायच्या तपशिलात ‘आयपी सेटिंग्ज’ ‘स्टॅटिक’वरून ‘डीएचसीपी’ करा. आयफोनवर ‘कॉन्फिगर आयपी’ ‘ऑटोमॅटिक’. विंडोजमध्ये पत्ता ऑटोमॅटिक केला तरी डीएनएस बऱ्याचदा तसाच हाताने भरलेला राहतो, तोही बदला. कुठे 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की त्या उपकरणाची हाक कुणी ऐकलीच नाही: केबल सुटली आहे किंवा डीएचसीपी अजून बंद आहे.

प्रिंटर आणि सीसीटीव्ही रेकॉर्डरचा पत्ता कायम सारखा असलेला बरा. त्यासाठी राऊटरमध्येच ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. उपकरणाचा बारा अक्षरी मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, लिहा, समोर पत्ता द्या, झालं. रेकॉर्डरमध्ये आधीच हाताने भरलेला पत्ता वाटपाच्या हद्दीत, म्हणजे 100 ते 199 मध्ये पडत असेल तर तो 2 ते 99 मध्ये हलवा. नाहीतर एखाद्या दिवशी राऊटर तोच पत्ता फोनला देतो आणि कॅमेरे अधूनमधून गायब होतात. उन्हाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते तेव्हा हे जास्त दिसतं, कारण बरेच राऊटर बंद पडले की वाटपाची वही विसरतात.

दुसरा एक प्रकार ‘वरच्या मजल्यासाठी आयपी बूस्टर’ म्हणून चालतो. असतो साधा दुसरा राऊटर, आणि दोन्हींचं डीएचसीपी चालू ठेवून जातात. मग अर्ध्या फोनना चुकीचा गेटवे मिळतो आणि इंटरनेट येत नाही. दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता 192.168.1.2 करा आणि केबल त्याच्या वॅनमध्ये, म्हणजे इंटरनेट आत येण्याच्या खाचेत नव्हे, लॅन पोर्टमध्ये लावा.

पैसे गेलेच असतील तर बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि कॉल आलेले-गेलेले नंबर जपून ठेवा. खोट्या कस्टमर केअरच्या नंबरवरून फसवून ऑनलाइन पैसे घेतले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा, जितक्या लवकर तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. वाईट सेवा किंवा खोट्या बिलासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. अक्कलकोट रोडच्या कुटुंबाने बिलाचा फोटो त्या माणसाला पाठवून ‘9 नग आयपी कुठून घेतले, त्याची पावती पाठवा’ एवढंच विचारलं. दोन दिवसांनी 3,000 परत आले, मग नंबर बंद झाला. उरलेल्या पैशांसाठी 1915 वर तक्रार दिली आहे, आणि ते बिल अजून राऊटरच्या कपाटात, नव्या पासवर्डच्या वहीतच ठेवलेलं आहे.