मागचं चाक थडथडतंय: बुश गेलाय की शॉकअप?

खराब रस्त्यावरच्या वळणावर कारचं मागचं चाक रस्ता धरून न राहता थडथड उडायला लागलं की बहुतेकजण आधी शॉकअप बदलतात. मीही तेच केलं होतं. नवी जोडी बसली, थडथड तशीच. शेवटी बुश तपासला, तर रबर आतल्या नळीपासून सुटलेलं निघालं. म्हणून सांगतो, पैसे घालण्याआधी दोघांतला फरक ओळखा.

बुश म्हणजे धातूच्या दोन नळ्यांच्या मध्ये घट्ट बसवलेलं रबर. चाक धरून ठेवणारा दांडा, म्हणजे आर्म, गाडीला जिथे जोडलेला असतो त्या सांध्यात तो बसतो. ते सुटलं की जोराची दिशा बदलते त्याच क्षणी ‘ठक्’ असा एकच आवाज येतो. मोकळ्या जागी हळू रिव्हर्स घ्या आणि ब्रेक दाबा, लगेच कळेल. शॉकअप ब्रेकला सहसा असा बोलत नाही. तो गेला असेल तर उंचवटा ओलांडल्यावर गाडी डुलत राहते आणि त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं. लेन बदलताना गाडीचा मागचा भाग क्षणभर उशिरा वळल्यासारखा वाटला, तर माझा संशय बुशवरच.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडायच्या चाचणीवर फार विसंबू नका. त्यात बॉडी सेकंदाला एक-दोनदा हलते. थडथडणारं चाक मात्र सेकंदाला 10 ते 15 वेळा उडतं. पहिल्या चाचणीत पास झालेला शॉकअप दुसऱ्या कामात नापास असू शकतो.

टायरही बोलतात. बुश ढिला झाला की टो (वरून पाहिल्यावर चाक किती आत-बाहेर वळलेलं आहे ते) बिघडतो आणि टायर एका कडेने झिजतो, हात फिरवला तर करवतीसारखी धार लागते. शॉकअप गेला की परिघावर अंतराअंतराने खोलगट वाट्या पडतात. असा टायर दुरुस्तीनंतरही आवाज करतो, तेव्हा पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून बघा. वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर असेल आणि वळणावर ती बदलत असेल, तर बेअरिंग बघा.

पक्का निकाल टॉमीचा, म्हणजे रेटा द्यायच्या लोखंडी पहारीचा. गाडी जॅक-स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर कधीच नाही) आर्म आणि तो ज्यात अडकवलेला असतो त्या ब्रॅकेटच्या मध्ये टॉमी घालून रेटा द्या. थोडं लवचीक हलणं ठीक, वरवरच्या बारीक भेगाही चालतील. रबर आणि नळीत फट उघडली किंवा ठक् झालं, तर बुश बदलायचाच.

नवा बुश पॉलीयुरेथेनचा (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचा) की रबराचा? रोजच्या गाडीला मी रबरच घेईन. पॉली टिकतो, पण कंपनं आत आणतो, आणि ग्रीस संपलं की कुरकुरतो.

बसवताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा: बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकांवर गाडीचं वजन आल्यावर. लटकत्या आर्मवर आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट, मागच्या चाकांसकट.