ट्रॅक्टरच्या इंजिनकामात पुशरॉडची लबाडी: बिल देण्याआधी हे तपासा

पेरणी तोंडावर आली की इंजिन खोललेल्या माणसाला घाई असते, आणि काही गॅरेजवाले याच घाईवर कमावतात. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर घ्या. बिलात 'पुशरॉड नवीन, ६ नग' (पुशरॉड म्हणजे कॅमशाफ्टचा धक्का वर रॉकरपर्यंत पोचवणारी दांडी; रॉकर तो धक्का व्हॉल्व्हला देतो). कव्हर काढल्यावर चार निघाले जुनेच, बफ मारून चकचकीत केलेले; उरलेले दोन भलत्याच मॉडेलचे, जवळपास २ मि.मी. लांब. हेडला फेसिंग मारलं, म्हणजे खालचा पृष्ठभाग मशीनवर कापून सपाट केला, तेही न सांगता.

टॅपेट वाजत होते, म्हणजे व्हॉल्व्हजवळ टकटक होत होती. तक्रार केली तर उत्तर आलं, "नवं काम हाय भाऊ, चालता चालता बसन." मग रॉकरवरचे स्क्रू कसून रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅपच संपवला. आवाज गेला, गिऱ्हाईक खुश! पण इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. गॅप नसला तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि कडा जळते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आधी जातो. थंड असताना बरं चालणारं इंजिन तापल्यावर मिसिंग करू लागलं, तर संशय इथेच घ्यावा.

पहिली परीक्षा नुसत्या डोळ्यांची. गॅप नीट लावलेला असताना सगळे स्क्रू साधारण एकाच उंचीवर दिसायला हवेत. रॉड लांब असला तर स्क्रूच्या खालच्या टोकाची गोळी रॉकरला जाऊन टेकते आणि लॉकनटवर आटेच आटे दिसतात. आखूड असला तर लॉकनटला धरायला आटे पुरत नाहीत.

रॉड काचेवर लोळवा. वाकलेला असेल तर उड्या मारतो. लांबी ३०० मि.मी.च्या व्हर्निअरने मोजा, पण रॉडच्या वरच्या टोकाच्या वाटीत एकाच मापाचा बेअरिंगचा छर्रा ठेवून. नाही तर माप वाटीच्या काठाचं येतं, आणि स्क्रू तर तळाशी बसतो.

फेसिंग झालं असेल तर जुनी लांबी चालेलच असं नाही. हेड अर्धा मि.मी. कापलं की रॉड तेवढाच लांब झाल्यासारखा होतो. सीट कापून व्हॉल्व्ह खोल बसवला तर त्यात भर पडते. नवा गॅस्केट टाकून हेड पूर्ण टॉर्कने आवळा (अर्धवट आवळलेल्या हेडवरचं माप फुकट), पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद), स्क्रू मधल्या आट्यांवर ठेवा. जुना रॉड मधून कापून आटेदार दांडीने जोडा आणि मॅन्युअलमधल्या गॅपच्या जाडीची पाती (फीलर गेज) किंचित अडकेपर्यंत वाढवा. आलेली लांबी तुमच्या इंजिनाची. व्हॉल्व्हच्या टोकावरची घासखूण बघून लांबी ठरवायची रीत प्रत्येक रॉकर वेगळ्या स्टडवर बसलेल्या इंजिनांची आहे. शाफ्टवर रॉकर असलेल्या आपल्या ट्रॅक्टरमध्ये त्या खुणेवरून फार तर व्हॉल्व्हची उंची कळते.

आखूड रॉड मिळत नसेल तर रॉकर ब्रॅकेटखाली, फेसिंग जितकं झालं त्याहून कमी जाडीच्या शिम (पातळ चकत्या) सगळीकडे सारख्या टाकतात. ज्या ब्रॅकेटमधून तेल वर येतं, तिथल्या शिमला भोक आहे का ते स्वतः बघा. नसेल तर रॉकर कोरडे चालून शाफ्ट खाऊन टाकतात.